पेत्राबाईंच्या मुलाचा फोटो

१

चौकट खिळ्यावर जिथल्या तिथे होती. काच होती, काचेमागचा अंडाकृती खिडकी कापलेला पुठ्ठाही होता. फोटो तेवढा नव्हता.

लिब्रादाबाई त्या रिकाम्या चौकटीसमोर पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, शेजारच्या गावाहून सकाळची पहिली बस पकडून आलेली. अजून त्यांनी अंगातला कोटही काढला नव्हता.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला पुन्हा कुणीतरी नेलं."

डॉक्टर एर्लिंदा कासियास यांनी उभा जन्म सान हासिंतो गावाचे दात उपटले होते. निवृत्त झाल्यावर हातांना काही चाळा हवा म्हणून त्या पूर्वज उकरू लागल्या. दर शनिवारी चर्चच्या सभागृहात वंशावळ मंडळ जमायचं: काही म्हातारी डोकी, बाप्तिस्म्यांच्या जुन्या नोंदींच्या नकला आणि भरपूर भांडणं. एकाची पणजी अडली की बाकीचे आपापली पणजी बाजूला ठेवून तिच्या मागे लागायचे. लिब्रादाबाईंची सात पिढ्यांची वंशावळ मंडळानं अशीच मिळून लावून दिली होती. सापडत नव्हता तो फक्त एक माणूस, आणि तो त्यांचा पाठचा सख्खा भाऊ होता.

ती हकीकत मंडळात सगळ्यांना पाठ होती. सत्तावीस साली सरकारचं आणि चर्चचं जुंपलं, बंडखोर डोंगरात शिरले, आणि सैन्यानं आसपासच्या वस्त्या रिकाम्या करून माणसं गावांत आणून कोंडली. लिब्रादा नऊ वर्षांची, निकानोर तीन वर्षांचा, आई देवीच्या तापानं फणफणलेली. सान हासिंतोच्या गुरांच्या कोंडवाड्यातून एका बाईनं निकानोरला खायला घालून आणते म्हणून हाताला धरून नेलं. ती परत यायच्या आत सैनिकांनी कोंडवाडा रिकामा करून सगळ्यांना पुढच्या गावी हाकललं. त्या बाईच्या कपाळापासून मागे केसांत पांढराशुभ्र पट्टा होता, एवढंच लिब्रादाच्या डोक्यात राहिलं.

यंदा मृतांच्या सणासाठी मंडळानं गावातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं. काल संध्याकाळी सभागृह बंद करता करता लिब्रादाबाई एर्मोसियो घराण्याच्या फोटोपाशी थबकल्या. कागदी फुलांचा मुकुट घातलेलं एक पोर, आणि त्याला मांडीवर घेतलेली, केसांत पांढरा पट्टा असलेली बाई.

"हीच ती!" लिब्रादाबाई किंचाळल्या होत्या. "हिनंच नेलं माझ्या भावाला! उद्या उजेडात हा फोटो चौकटीतून काढणार मी, आणि मागेपुढे काय आहे ते बघणार!"

तेव्हा सभागृहात एर्लिंदाबाई सोडून तीनच माणसं उरली होती. खिडक्या लावणारे मंडळाचे अध्यक्ष तार्सिसिओ, पावाच्या परड्या गोळा करणारी शेजारची बेकरीवाली ओतिलिया, आणि ओतिलियाचा म्हातारा बाप मेलितोन, जो नेहमीप्रमाणे खुर्चीत हनुवटी छातीवर टेकून झोपला होता. फोटोतलं पोर म्हणजे हाच मेलितोन. त्या फोटोतही त्याचे डोळे मिटलेलेच होते, आणि त्यावरून गावात त्याची येताजाता थट्टा व्हायची.

एर्लिंदाबाईंनी चौकट खिळ्यावरून उतरवली आणि बगलेत मारली. "तुम्ही बसा लिब्रादाबाई. कोट काढा. मी आलेच."

तेवढ्यात झाडलोट करणारी बाई केरसुणी टेकवून म्हणाली, "मी यायच्या आधीच तार्सिसिओ साहेब आत येऊन गेलेत हां. पळतच निघाले होते."

२

तार्सिसिओ बँकेत मॅनेजर होते आणि निवृत्त होऊनही मॅनेजरच राहिले होते. एर्मोसियो घराण्यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ उद्या, रविवारी, घराण्याच्या मेळाव्यात प्रकाशित व्हायचा होता.

"मी चोर?" त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "बाई, पाहुण्यांच्या घरातली रुमालाची घडी मी मोडत नाही!"

"मग पळालात कशाला?"

"पळालो नाही. लगबगीनं चालत होतो."

"तार्सिसिओ, तुमची अक्कलदाढ काढली तेव्हा तुम्ही असेच लगबगीनं चालत बसस्टँडपर्यंत पोचला होता. खरं काय ते सांगा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लेबल बदलायचं होतं. मी लिहिलं होतं, 'मेलितोन एर्मोसियो, आई पेत्रासह, नाताळच्या मेंढपाळांच्या नाटकात, १९२७.' रात्री अंथरुणात आठवलं की सत्तावीस साली चर्चला टाळं होतं! नाटक कुठलं? गावात साधी प्रार्थना करायची चोरी होती. उद्या कुणी ते वाचलं असतं तर माझ्या ग्रंथाची शोभा झाली असती. म्हणून साल खोडायला गेलो. बघतो तर फोटो नाही. माझ्यावरच येणार म्हणून निघालो."

"नाटकाचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"घरच्यांनीच. पेत्राबाई हयात होत्या तेव्हापासून ते तसंच सांगतात."

"आणि सत्तावीस साल?"

"मूल तीनएक वर्षांचं दिसतं. मेलितोनचा जन्म चोविसातला, बाप्तिस्म्याची नोंद मी स्वतः पाहिली आहे. साल चुकायचा प्रश्नच नाही."

"म्हणजे साल बरोबर, आणि नाटक झालंच नाही," एर्लिंदाबाई म्हणाल्या. "मग त्या पोराच्या डोक्यावर मुकुट कशाला?"



३

बेकरीत गोड पावांचा घाणा नुकताच निघाला होता. सभागृहाची किल्ली नेहमीसारखी बेकरीच्या दारामागच्या खिळ्याला लटकत होती. ती तिथे असते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तेव्हा तिच्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

ओतिलियाचा पारा चढलेलाच होता. "फोटो आमचा, गेला आमचा, आणि चौकशीही आमचीच? वा! काल ती बाई ओरडली तेव्हा मी परड्या घेऊन दारात होते. मला वाटलं भोवळबिवळ आली. आता सगळ्या गल्लीत झालंय की माझ्या आजीनं पोरं पळवली!"

"तुझ्या आजीनं? फोटोतली बाई तुझी आजी का?"

"छे हो! ते तार्सिसिओनं आपल्या मनानं लिहिलं. ती बासिलिसा, बाबांची धर्ममाता. ती त्याच वर्षी देवीच्या साथीत वारली. आजी फोटोत नाहीच. ती म्हणे फोटोवाल्याच्या शेजारी उभी होती."

"स्वतःच्या मुलाचा फोटो आणि आई बाजूला?"

"आजी विचित्रच होती." ओतिलियानं पावांवर साखर भुरभुरवली. "त्या फोटोचं निघालं की एकच सांगायची, 'त्या दिवशी मी डोळ्यातून टिपूस काढलं नाही.' आता नाटकात रडायचं काय असतं, सांगा बघू!"

एर्लिंदाबाई आत डोकावल्या. भट्टीमागच्या खोलीत सणाची, गेलेल्या माणसांसाठीची मांडणी अजून उचललेली नव्हती. आजोबांसाठी तंबाखू आणि दारूचा पेला, आजीसाठी कॉफी, पिवळ्या झेंडूची रास. एका कडेला मात्र पांढरी फुलं होती, आणि त्यांच्यात दुधाची इवलीशी वाटी आणि साखरेचं कोकरू.

"हे कुणाचं गं?"

"ते आजीचंच. बाकीच्यांची मांडणी व्हायच्या आदल्या रात्री ती हे मांडायची. ती गेली, आता मी मांडते. मांडलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं."

"पांढरी फुलं आणि दूध म्हणजे लहान मुलाचं. तुमच्याकडे कुठलं मूल गेलं?"

"कुठलंच नाही. आजीला एकच मुलगा, माझे बाबा. आणि ते तर मागे वर्कशॉपमध्ये रंधा मारताहेत." ओतिलियाचा हात साखरेत थांबला. "का हो?"

४

दवाखान्याची खोली एर्लिंदाबाईंनी मोडली नव्हती. खुर्ची होती, वरचा मोठा दिवाही होता. त्या दिव्याखाली त्यांनी चौकट पालथी घातली.

मागची फळी बारीक चुकांनी, इवल्याशा खिळ्यांनी, बसवलेली होती. चोरानं प्रत्येक चूक हलक्या हातानं वर उचलली होती, फोटो काढून घेतला होता, आणि सगळ्या चुका पुन्हा जिथल्या तिथे दाबल्या होत्या. वर काचही पुसून ठेवली होती. घाईत असलेला माणूस चौकटीसकट फोटो नेतो किंवा काच फोडतो. या माणसाला चौकटीला ओरखडा उठायला नको होता.

मग त्यांनी पुठ्ठा बाहेर काढला. त्याच्या मागच्या अंगावर फोटो वर्षानुवर्षं दाबून राहिल्याचा तपकिरी डाग होता, चांगला वहीच्या पानाएवढा. पुढची अंडाकृती खिडकी त्याच्या एका कोपऱ्याएवढीही नव्हती. दोन चेहरे तेवढे दिसावेत आणि खालचं सगळं झाकून जावं, अशाच बेतानं कुणीतरी ती कापली होती.

घरच्यांच्या कौतुकाच्या फोटोचा मोठा भाग माणूस कशाला झाकेल?

एर्लिंदाबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्यांना स्वतःचीच चीड आली. त्या याच गावच्या होत्या, असे फोटो त्यांनी लहानपणी चांगले दहा घरांत पाहिले होते. लहान मूल गेलं की ते देवदूत झालं असं इथे मानतात. त्याला मुकुट घालायचा, हातात झावळी द्यायची, आणि फोटो काढायचा. कपडे आणि मुकुट धर्ममातेनं आणायचे, मांडीवरही तिनंच घ्यायचं. आणि आईनं रडायचं नाही. आईच्या आसवांनी पंख भिजले तर लेकराला उडता येत नाही.

पोर झोपलेलं नव्हतं. पेत्राबाईंचा मेलितोन तीन वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेला होता. चर्च बंद, पाद्री परागंदा, तेव्हा दफनाची नोंद कुठून असणार? बाप्तिस्म्याची नोंद तेवढी मागे राहिली, आणि तार्सिसिओंनी तिच्यावर भरवसा ठेवून ग्रंथ रचला.

मग मागे वर्कशॉपमध्ये रंधा मारतो आहे तो कोण?

त्या उठल्या, कपाट उघडलं आणि जबड्यांचे जुने साचे धुंडाळू लागल्या. मेलितोनला त्यांनी फार वर्षांपूर्वी नकली दातांचा एक ब्रिज बसवला होता, कारण त्याला वरच्या दोन पुढच्या दातांशेजारचे दात कधी आलेच नव्हते. दुधाचे नाहीत, पक्केही नाहीत. साचा सापडला. त्या तो हातात धरून खुर्चीत बसल्या, रोग्याच्या खुर्चीत.

लिब्रादाबाई हसल्या की त्यांच्याही पुढच्या दोन दातांना लागून थेट सुळे दिसायचे. मागे एकदा त्यांनी सांगितलं होतं, "आमच्या आईचं अस्संच होतं."

५

मेलितोन मेजाच्या पायाला रंधा मारत होता. एर्लिंदाबाईंनी चौकट त्याच्यासमोर ठेवली.

"आज झोप नाही का आली?"

"कामाच्या वेळी झोपत नाही मी, डॉक्टरीणबाई."

"काल सभागृहातही झोपला नव्हतास. मेलितोन, ही चौकट तूच केलीस ना? चुका कुठे आहेत ते तुला न बघता ठाऊक होतं, आणि स्वतःच्या हातच्या कामाला ओरखडा काढवला नाही तुला. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही चोरानं एवढी माया दाखवली नसती."

त्यानं रंधा खाली ठेवला. हातांवरचा भुसा झटकला. मग हत्यारांच्या पेटीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढून त्यानं त्यांच्यापुढे धरला. मुकुटाखालचं पोर आता पुरतं दिसत होतं: झावळीभोवती रिबिनीनं बांधलेले हात, अनवाणी पावलं, आणि मांडीभर फुलं.

"आईनं मरताना सांगितलं," मेलितोन म्हणाला. "म्हणाली, तू माझा दुसरा मेलितोन. पहिला गेला त्याच आठवड्यात बासिलिसानं तुला कोंडवाड्यातून आणलं. तुझी माणसं तुला टाकून निघून गेली होती. कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली तिनं. घरात हा फोटो तेव्हा गुंडाळून ठेवलेला असायचा. मी जाळायला काढला, पण हात होईना. मी त्याचं नाव लावलं, त्याच्या आईच्या हातचं जेवलो. त्याला भिंतीवर तरी जागा द्यावी म्हणून चौकट केली, आणि मुलांना कळू नये म्हणून पुठ्ठा कापला."

"आणि काल?"

"काल ती बाई ओरडली, हिनं माझ्या भावाला नेलं म्हणून. म्हणजे माझी आई चोर! उद्या मेळाव्यात अख्ख्या घराण्यासमोर तिला चोर म्हणणार. माझी मुलं विचारणार, बाबा, मग तुम्ही कोण? आणि भाऊ हवा होता तर टाकला कशाला त्याला? आज सत्तर वर्षांनी आठवण झाली?"

एर्लिंदाबाईंनी खिशातून साचा काढून मेजावर ठेवला. "या दोन जागा बघ. तुझे इथले दात कधी आलेच नाहीत. तिचेही आले नाहीत, तिच्या आईचेही नव्हते. एवढ्यावर मी कोर्टात उभी राहणार नाही. पण ती पांढऱ्या पट्ट्याची बाई, तो कोंडवाडा, तुझं वय, आणि वर हे. मेलितोन, ती बाई तुझी बहीण आहे. टाकलं की काय केलं, ते तिलाच विचार."

"मी नाही विचारणार."

"बरं," दारातून आवाज आला. "मग मीच सांगते."

दारात लिब्रादाबाई उभ्या होत्या, अंगात अजून तोच कोट. त्यांच्यामागे ओतिलिया, दोन्ही हात पिठानं भरलेले. सभागृहात गप्प बसवेना म्हणून म्हातारी बेकरीत चौकशीला गेली होती, आणि ओतिलियानं पांढऱ्या फुलांतली दुधाची वाटी तिला दाखवली होती. उरलेलं दोघींनी दारात उभं राहून ऐकलं होतं.

६

लिब्रादाबाईंनी आधी फोटो मागून घेतला. पट्टेवाल्या बाईकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पोराकडे जास्त वेळ पाहिलं. छातीवर क्रूसाची खूण करून फोटो परत दिला.

मेलितोन उभाच होता. तोंडानं नाही म्हणाला होता, पण शेवटी त्यानंच विचारलं, खाली बघत. "मला टाकलं होतं, की मी हरवलो होतो?"

"हरवला होतास. त्यांनी संगिनी दाखवून आम्हाला हाकललं. आई पाय रोवून उभी राहिली तर तिला फरफटत नेलं." लिब्रादाबाई साध्या आवाजात सांगत होत्या. ही गोष्ट त्यांनी मनात इतक्यांदा सांगितली असावी की तिचे कंगोरे झिजून गेले होते. "देवीतून आई उठली ती आंधळी होऊन. उठल्या उठल्या मला घेऊन इथे चालत आली. या गावातलं एकेक दार आम्ही ठोठावलं. मी हात धरायचे, ती ठोठावायची. याच गल्लीत एक दार उघडलं नाही. निळं होतं. आत मूल रडत होतं. आई म्हणाली, हा माझाच आहे. शेजारीण म्हणाली, नाही हो, त्या घरात त्यांचाच मुलगा आजारी आहे. मग आम्ही पुढे गेलो."

मेलितोननं वळून रस्त्याच्या दाराकडे पाहिलं. दार तपकिरी होतं.

"निळा रंग मीच खरवडला," तो म्हणाला. "लग्नाच्या वर्षी."

ओतिलियानं पिठाचे हात तोंडावर घेतले. मेलितोन रंध्याशेजारी वाकून उभा राहिला आणि रडू लागला, बाहेर गल्लीत ऐकू जाईल असा.

"तिला आतून ऐकू आलं असणार," तो म्हणाला. "माझ्या आईला. ती आतच होती."

"हो. आतच होती." लिब्रादाबाई जवळच्या फळकुटावर बसल्या. "मीही तिला फार शिव्याशाप दिले आहेत रे. तोंड ठाऊक नव्हतं तेव्हा जास्तच. पण माझ्या मागची आणखी दोघं त्याच हिवाळ्यात आमच्याजवळच गेली, भुकेनं. तू आमच्यापाशी असतास तर तिसरा असतास. तिनं तुला जगवलं. आता मी तिच्याशी काय भांडू?"

ओतिलिया आत गेली आणि गरम दुधाचा पेला आणि पाव घेऊन आली. तो कुणापुढे ठेवायचा हे तिला क्षणभर कळेना. मग तिनं तो लिब्रादाबाईंपुढे ठेवला. "आत्या, आधी कोट काढा बघू. सकाळपासून बघतेय मी."

लिब्रादाबाईंनी कोट काढला.

एर्लिंदाबाईंना वाटलं, आता आपण निघावं. पण तेवढ्यात बाहेरून तार्सिसिओ डोकावले आणि घसा खाकरत म्हणाले, "ग्रंथात मग नक्की काय लिहायचं?" त्यांना दंडाला धरून बाहेर नेणं भागच होतं. त्यांना दाराबाहेर ढकलताना आत चाललेलं एर्लिंदाबाईंना ऐकू आलं.

"घरी मला काय म्हणायचात?" मेलितोन विचारत होता.

"कानो. निकानोर फक्त पाद्र्यासाठी."

"मग तशी हाक मार ना एकदा. तेव्हा मारायचीस तशी."

"काय हे, या वयात!" लिब्रादाबाई म्हणाल्या. पण त्या उठल्या, अंगणाच्या दाराशी गेल्या, आणि दिवेलागणीला खेळणाऱ्या पोरांना घरात बोलवावं तसा लांब सूर काढून ओरडल्या, "कानोऽऽऽ!"

"आलो," म्हातारा म्हणाला.